चाळिसाव्या मिनिटानंतर

सूक्ष्मदर्शकाखाली दोनशे पेशी मोजल्या, त्यांतल्या चार निळ्या निघाल्या. निळ्या म्हणजे मेलेल्या. जिवंत पेशीही रंग आत घेते, पण त्याचा निळेपणा मोडून टाकते आणि पुन्हा पाण्यासारखी नितळ दिसते. मेलेलीला ते जमत नाही. दोन टक्के मेलेल्या, अठ्ठ्याण्णव टक्के जिवंत. रुचितानं वहीत आकडा लिहिला, त्यापुढं वेळ लिहिली, तीन वाजून पन्नास मिनिटं, आणि तरीही भिंगावरचा डोळा काढला नाही. उजव्या कोपऱ्यात एका पेशीला कळी फुटली होती. गोल, कडेला चकाकणारी, मूळ पेशीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी. यीस्ट असंच वाढतं. आईच्या अंगातूनच लेक फुगत जाते आणि पुरेशी मोठी झाली की सुटते. कळी आईच्या निम्म्याहून लहान असेल तर दोघी मिळून एकच मोजायची, असा त्यांच्या प्रयोगशाळेचा नियम होता. तो तिनंच घातलेला होता. नियम घालताना त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नव्हतं.

"मॅडम, एक विचारू का? राग मानू नका."

निशिगंधा मागच्या टेबलाशी फायलींचा ढीग घेऊन बसली होती. ती गडहिंग्लजची. दहा दिवसांपूर्वी कामावर रुजू झाली होती, मिलचं गणित सांभाळणाऱ्या उदयसिंहाच्या जागी. उदयसिंह शनिवारी हिमाचलातल्या कारखान्यात जायचा होता, आणि आज गुरुवार होता.

"विचार की."

"चौदा वर्षांचे सगळे रन बघितले मी. एकशे ब्याऐंशी. एकबी चाळीस मिनिटांच्या पुढं न्हाय. चाळीस झालं की मिल बंद. मशीन तापतंय काय पुढं?"

"नाही. ग्लायकॉलचं थंड पाणी पुरतं."

"मग आतले मणी झिजत्यात?"

"नाही."

"मग?"

"सव्वापाचला बस असते," रुचिता म्हणाली.

निशिगंधा खळखळून हसली. "बसमुळं! काय तरीच की मॅडम." मग रुचिता हसत नाही हे पाहून तिनं पुन्हा फायलीत डोकं घातलं. पण प्रश्न खोलीतच राहिला. जेवताना दाताखाली खडा यावा, तो काढून ताटाच्या कडेला ठेवावा आणि तरी पुढचा प्रत्येक घास जपून चावावा, तसं रुचिताला झालं. चौदा वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. ज्याला विचारायचा हक्क होता त्याला उत्तर माहीत होतं.

तिचं काम सांगायला सोपं होतं. यीस्टच्या पेशीत प्रथिनं असतात, औषधांना लागणारी; ती बाहेर काढायची तर पेशीची भिंत फोडावी लागते. रसायनं घातली तर आतला माल नासतो, म्हणून नुसत्या मारानं फोडायची. मिल म्हणजे पोलादाचं आडवं नळकांडं; त्यात खसखशीहून बारीक काचेचे मणी भरायचे, त्यातून गार केलेला यीस्टचा घोळ फिरवत ठेवायचा आणि आतला दांडा गरगर फिरवायचा. लाखो मणी एकमेकांवर आपटतात आणि त्यांच्या फटीत सापडलेली पेशी फुटते. दर पाच मिनिटांनी एक सॅम्पल काढायचं आणि किती प्रथिन सुटलं ते मोजायचं. त्यातून जो नियम निघतो तो उदयसिंहानं पहिल्यांदा तिला विद्यापीठाच्या कँटीनमध्ये टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून समजावला होता. दर मिनिटाला ठरावीक पेशी फुटत नाहीत. उरलेल्यांतला ठरावीक हिस्सा फुटतो. उरलेल्या शंभर असतील तर पाच, वीस राहिल्या तर एक. त्या हिश्शाला तो वेगाचा स्थिरांक म्हणायचा. तो आकडा एकदा हाती आला की लहान मिलवरून मोठ्या मिलचं गणित मांडता येतं. "पण एक गोष्ट आधी माहीत पाहिजे," तो म्हणाला होता, "एकूण आत आहे किती. ते चुकलं की सगळं चुकलं." एकूण किती, हे कळायचा खरा मार्ग एकच होता, काही सुटायचं थांबेपर्यंत मिल चालू ठेवायची. ते त्यांनी कधी केलं नाही. चाळीस मिनिटांपर्यंतची रेघ पुढं वाढवून तो आकडा अंदाजानं धरला, कामापुरता. त्यावर चौदा वर्षं कारखाना चालला. मोठी मिल गणिताप्रमाणं कधीच वागली नाही. दर वर्षी बैठकीत त्याची कारणं शोधली जायची, कधी मण्यांचा पुरवठादार, कधी पाणी, कधी हवा. रुचिता खाली मान घालून टिपणं घ्यायची.

कारण होतं मंगळवार पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. वडील गेले त्या वर्षी आईनं अन्न टाकल्यात जमा होतं. वर्धमान अण्णा गेले ते दुकानातून घरी येऊन पाणी मागता मागता. आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यानंतर पद्मावतीबाई ताटावर बसायच्या, भाकरीचा तुकडा मोडायच्या आणि बोटांत फिरवत बसायच्या. डॉक्टर म्हणाले, कुणीतरी समोर बसून जेववा. भाऊ केतन पुण्याला, त्याचा संसार तिकडं. उरली रुचिता. घरात सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायची रीत आजोबांपासूनची. मावळल्यावर पाण्याशिवाय काही नाही, आणि आईला पाणीही नाही. कारखान्यात ताजं यीस्ट दुपारी तीनलाच मिळायचं, ते गार होईपर्यंत पावणेचार व्हायचे; म्हणून रुचिता साडेचारच्या आत मिल बंद करू लागली. हातातलं आवरून सव्वापाचची बस, पावणेसहाला घर, हातपाय धुऊन पाटावर. "तू समोर आलीस की घास उतरतो बघ," आई म्हणायची, आणि खरंच दोन भाकऱ्या खायची. न येण्याचे दिवस चौदा वर्षांत बोटांवर मोजण्याइतके. एकदा बसचं टायर गोकुळ शिरगावच्या पुढं बसलं, एकदा संप, एकदा पुरात तीन दिवस ती कारखान्यातच अडकली. उशीर झाला त्या दोन दिवशी ताट झाकलेलं होतं, दोन्ही ताटं, आणि सकाळी ती शेजारच्या गोठ्यातल्या गाईपुढं ठेवली गेली. आरडाओरडा झाला असता तर रुचितानं काही तोडगा काढला असता. झाकलेल्या ताटाला काय उत्तर देणार?

तीच आई पाव खात नाही. त्यात खमीर असतं, खमिरात जीव असतात. पगार पहिल्यांदा घरी आणला तेव्हा आईनं विचारलं होतं, "त्या तुझ्या पेशी फोडायच्या आधी मेलेल्या असत्यात, का जित्या?" खोटं बोलणं सोपं होतं. रुचिता म्हणाली, "शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जिवंत." आई म्हणाली, "मग रोज क्षमा माग त्यांची. एका इंद्रियाचा जीव असला म्हणून काय झालं?" तेव्हापासून मिलचं बटण दाबायच्या आधी ती क्षणभर डोळे मिटते. लोकांना वाटतं मॅडम आठवून बघतात, काही राहिलं का.

आजही तिनं डोळे मिटले. घोळ थंड व्हायला वेळ लागला होता. बटण दाबलं तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. म्हणजे चाळीस मिनिटं बरोबर पाचला संपणार. मिलचा आवाज सुरू झाला. कोरड्या नदीत वाळूचा ट्रक उलटा होतोय आणि उलटा व्हायचा थांबतच नाही, असा तो आवाज. त्यात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, म्हणून ती बोलायचीच नाही. बोटांनी आकडे दाखवायची. शून्य मिनिटाचं सॅम्पल काढून तिनं बर्फात रोवलं. पाचव्याचं काढलं. दहाव्याचं.

या आवाजातच तिला कळंब्याच्या तलावाचा बांध आठवायचा, आणि का ते तिला ठरवता आलं नव्हतं. तिथं तर किती शांत होतं. डिसेंबर होता, पाण्यावर बदकं होती आणि पलीकडं कारागृहाच्या भिंतीवरचे दिवे लागायचे होते. उदयसिंह बोलत होता मिलबद्दल, आणि बोलता बोलता त्याच सुरात म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील का?" कारखान्यात ते सर आणि मॅडम होते, बांधावर तू. तिनं आधी सूर्याकडं पाहिलं. हे तिला नंतर नेहमी आठवायचं आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिनं त्याच्याकडं नाही, सूर्याकडं पाहिलं. किती वर आहे, घरी पोचायला किती वेळ उरला. "आईचं जरा मार्गाला लागू दे," ती म्हणाली, "मग सांगते." "सावकाश," तो म्हणाला, आणि मोटारसायकल चालू केली, कारण त्यालाही वेळ माहीत होती. आईचं मार्गाला लागणं म्हणजे नेमकं काय, हे तिनं कधी ठरवलं नाही. त्याची एककं काय, ते किती झालं म्हणजे पुरे? प्रयोगात अशी राशी तिनं कुणाला वापरू दिली नसती.

त्याचं गाव कागलच्या पलीकडं, चार मैलांवर. एकदाच गेली ती तिथं, पूजेचं निमित्त होतं. त्याची आई, तिला सगळं गाव आक्का म्हणतं, ओसरीवरूनच ओरडली होती, "या की पावणं! अशी लाजून काय उभारलीस?" आणि तिला हाताला धरून चुलीपाशी नेलं. "ह्ये पातेलं बघ. कोरं हाय, सोमवारच्या बाजारातनं आणलंय. ह्यात मटण शिजलेलं न्हाय, कांदा न्हाय, लसूण न्हाय. कांदा न्हाय तर भाजीला चव कुठनं याची ते तुमचा देवच जाणं, पर केलीया. आन् ऊन हाय तवर जेव. उद्या म्हातारीनं पोरीला बाटवली म्हणून नाव नको." सगळे हसले. रुचिता चार वाजता एकटी जेवली, आक्का समोर बसून वारा घालत होती, आणि भाजीला खरंच चव नव्हती, आणि तिनं तीनदा मागून घेतली. पुढं दोन वर्षांनी आक्का बाजारात भेटली तेव्हा भर रस्त्यात म्हणाली, "अगं, तुमचं दोघांचं काय लोणचं घालायचं हाय का? मुरतंय म्हणून किती मुरू द्याचं!" नंतर ते विचारायचंही आक्कानं सोडलं. ते पातेलं फडताळात वर कागदात गुंडाळून ठेवलंय, कुणाला हात लावू देत नाही, असं उदयसिंहानं एकदा सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही, घरातली एक बातमी म्हणून.

विसावं मिनिट. पंचविसावं. हातमोज्यातली बोटं बर्फानं बधिर झाली होती. उदयसिंह काल मिलच्या गणिताचं मॉडेल सोपवायला आला होता, तेव्हा निशिगंधा जेवायला गेली होती. तो फायलींवर बोलला, पासवर्ड लिहून दिले, मोठ्या मिलच्या पंपाची खोड सांगितली. चाळिशी ओलांडल्यावर त्याच्या कानामागचे केस पांढरे झाले होते, आणि त्या केसांना आपण कधी हात लावलेला नाही हे तिला एखाद्या मोजमापासारखं स्पष्ट जाणवलं. वेड्यासारखं तिला वाटलं की उठून फक्त तेवढं करावं. तिनं टोपण लावलेल्या पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं. दारापर्यंत जाऊन तो वळला. "एक सांगून ठेवतो," तो म्हणाला. "मी विचारायचं थांबवलंय. विचारलेलं मागं घेतलेलं नाही." आणि मग, जणू तेच वाक्य पुढं चालू आहे, "एक रन शेवटपर्यंतचा पाहिजे होता मला. तेवढा राहिला." तो रन दुसऱ्या कुणाला करता आला असता. त्यानं स्वतः कितीदा म्हटलं होतं, तू जा, पुढची सॅम्पलं मी काढतो. तिनं नको म्हटलं. हात बदलला की चूक शिरते, असं कारण दिलं. कारण खोटं नव्हतं. पण रात्री अंथरुणावर तिला माहीत असायचं की आपल्याला तो आकडा नको होता. आत किती आहे हे कळलं असतं तर त्याचं काहीतरी करावं लागलं असतं.

पस्तिसावं. मग चाळिसावं. पाच वाजले. सवयीनं तिचा हात लाल बटणाकडं गेला. चौदा वर्षांचा हात, तो आपणहून गेला. निशिगंधा तापमानाच्या काट्यापाशी उभी राहून पाहत होती. बटणावर बोट टेकलं, त्याचा गार, गुळगुळीत स्पर्श कळला. खिडकीतून ऊन तिरपं येऊन फरशीवर पडलं होतं आणि बाहेर फाटकाशी ड्रायव्हर बस मागं घेत होता. मंगळवार पेठेत आई आता पीठ मळत असेल. तिनं बोट उचललं आणि हात मागं घेतला. निशिगंधाला तिनं पंजा उघडून दाखवला. पाच मिनिटं आणखी.

पंचावन्नाव्याला बसचा भोंगा वाजला, दोनदा, कारण रुचिता मॅडम कधी चुकत नसत. मग बस गेली. तिला झालं अपराध करताना होतं तसं, आणि त्याच्याच शेजारी दुसरंही काहीतरी, परीक्षा संपल्यावर मैदानावर येतो तेव्हा होतं तसं. निशिगंधा प्रत्येक सॅम्पल लगेच तपासत होती आणि कागदावर ठिपके मांडत होती. साठाव्या मिनिटाला तिनं कागद रुचितासमोर धरला. आजवरच्या अंदाजानं इथवर सगळं संपत यायला हवं होतं. ठिपके चढतच होते. हळू, पण चढत होते. धरलेल्या एकूण आकड्याची रेघ त्यांनी ओलांडली होती.

दारात कुणीतरी उभं राहिलं. तिनं वळायच्या आधी ओळखलं. उदयसिंह हेल्मेट आणि लॉकरची किल्ली परत करायला स्टोअरकडं निघाला होता. सव्वापाचनंतर मिलचा आवाज ऐकून तो अर्ध्या वाटेवरून वळला होता. तो आत आला, निशिगंधाच्या हातातला कागद घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग रुचिताच्या कानाशी वाकून, आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "वेग आपण जास्त धरला होता. आणि साठा कमी." त्याचा श्वास तिच्या कानाला लागला. तिनं मान डोलावली. एवढंच होतं. चौदा वर्षांच्या बैठका, मणी, पाणी, हवा, आणि एवढंच होतं. आत जास्त होतं आणि ते सावकाश सुटत होतं. पासष्टाव्याचं सॅम्पल काढताना एक थेंब बाहेर सांडला.

साडेपाच होऊन गेले होते. ऊन अजून होतं. तिनं हातमोजे काढून फोन लावला. मिलपासून लांब जाता येत नव्हतं; पुढचं सॅम्पल पाच मिनिटांवर होतं.

"आई, मी अजून कारखान्यातच आहे."

"कसला गोंगाट हाय गं त्यो? बस चुकली व्हय?"

"चुकली नाही. सोडली. माझं काम संपेस्तोवर दिवस मावळेल. तू जेवून घे."

तिनं फोन कानावर दाबला. मग आवाज आला. "मला एकटीला घास उतरत न्हाय, तुला ठाव हाय की."

"पुरात तीन दिवस मी इकडं अडकले होते. तेव्हा तू काय केलंस?"

हा प्रश्न तिनं आजवर विचारला नव्हता. ओठातून निघून गेल्यावर तिला त्याचं आश्चर्य वाटलं.

"तवा?" आई म्हणाली. "तवा शेजारी जेवले. तिन्ही दिवस."

"उतरला घास?"

"उतरला." आईचा आवाज लहान झाला. "तुला सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर तू लौकर यायची बंद झाली असतीस. सात वाजता, आठ वाजता आली असतीस. माझा दिवस त्या पावणेसहावरच उभा असतोय, रुचे."

रुचितानं भिंतीला हात टेकला. भिंत मिलबरोबर थरथरत होती. राग यायला हवा होता. आलं ते निराळंच काहीतरी, ज्यात आईचं पीठ मळणारं मनगट होतं, गाईपुढची दोन ताटं होती, आणि तलावाकडं पाठ करून सूर्य मोजणारी एक सत्तावीस वर्षांची मुलगी होती. दोघींनी एकमेकींना अंदाजानं धरलं होतं.

"रिक्षा करून ये आज," आई म्हणत होती. "अजून ऊन हाय. तवा टाकलाय. मी थांबते."

"थांबू नकोस, आई."

"काय? ऐकू येत न्हाय."

खोलीत निशिगंधा घड्याळाकडं पाहत होती, तिचं एक बोट वर होतं, एक मिनिट उरलं म्हणून. उदयसिंह अजून कागद हातात धरून खिडकीशी उभा होता. रुचिता बोलली, पण नेहमीच्या आवाजात, आणि मिलनं ते गिळून टाकलं.

"अगं मोठ्यानं बोल की!"

या खोलीत ती कधी ओरडली नव्हती. तिनं फोन तोंडाजवळ धरला, आणि ती ओरडली तेव्हा निशिगंधाचं वर केलेलं बोट तसंच राहिलं आणि खिडकीशी कागदाची हालचाल थांबली.

"मी उदयसिंहशी लग्न करणार आहे, आई. तू जेवून घे."